गोष्ट कुणाची?

लहानपणी आजी रोज रात्री गोष्ट सांगायची. 'राजाचा भलामोठा महाल होता,' असं ती म्हणाली, की माझ्या डोळ्यांपुढे आमची शाळाच यायची. त्याहून मोठी इमारत मी पाहिलीच नव्हती ना! राजा शाळेच्या ओट्यावर सिंहासन टाकून बसायचा आणि प्रधान घंटेजवळ उभा राहायचा.

परवा 'द फॉल' हा २००६ सालचा इंग्रजी चित्रपट पाहिला आणि हे सारं आठवलं. त्याचे दिग्दर्शक तरसेम सिंग मूळचे आपल्या जालंधरचे.

साधारण शंभर वर्षांपूर्वीचं लॉस एंजेलिस. तिथल्या रुग्णालयात अलेक्झांड्रिया नावाची चिमुरडी आहे. बागेत संत्री तोडताना पडून तिचा हात मोडलाय. तिथंच रॉय भेटतो. सिनेमात जिवावरच्या उड्या मारणं हे त्याचं काम. पण अपघात झाला आणि पाय निकामी झाले. तो तिला शूरवीरांची गोष्ट सांगू लागतो.

गंमत बघा! रॉय 'इंडियन' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अमेरिकेतला आदिवासी असतो. पण अलेक्झांड्रियाच्या ओळखीचा, बागेत काम करणारा इंडियन भारतातला. म्हणून तिला दिसतो फेटेवाला, दाढीवाला भारतीय! शब्द सांगणाऱ्याचे, चित्र मात्र ऐकणाऱ्याचं.

आणि चित्रं तरी कशी! चित्रीकरण चालू होतं चार वर्षं, वीसहून अधिक देशांत. जोधपूरची निळी घरं त्यात आहेत, ताजमहाल आहे, राजस्थानातल्या आभानेरीची सुमारे साडेतीन हजार पायऱ्यांची चांद बावडीही आहे. स्वप्नातली वाटणारी ही ठिकाणं खरोखरच जगात आहेत.

पण रॉय मनातून पार खचलेला असतो. त्यामुळे पुढे पुढे तो गोष्टीतल्या एकेका वीराला मारत सुटतो. अलेक्झांड्रिया रडते, त्याला अडवते. गोष्ट आता तिचीही झालेली असते.

इथं माझे डोळे भरून आले.

आजोबा गेले, त्यानंतर आजीनं पुष्कळ दिवस गोष्टच सांगितली नाही. मी फारच हट्ट धरला तेव्हा एका रात्री तिनं सुरुवात केली, आणि धाकट्या राजपुत्राला नदीत बुडवूनच टाकलं. "संपली गोष्ट. झोप आता."

मी ताडकन उठून बसलो. "नाही! त्याला पोहता येत होतं. तूच सांगितलं होतंस!"

आजी बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "हो रे, विसरलेच मी." तिनं राजपुत्राला पैलतीरावर आणलं, त्याला ओले कपडे पिळायला लावले. दुसऱ्या दिवसापासून गोष्ट पुन्हा रोज सुरू झाली.

तेव्हा वाटलं, आपण राजपुत्राला वाचवलं! आज वाटतं, त्या रात्री आजीही काठाला लागली असावी.

मित्रांनो, या चित्रपटात मारामारी आणि दुःख बरंच आहे, तेव्हा तो मोठे झाल्यावर पाहा. पण आजीकडे गोष्ट आजच मागा. आणि शेवट पटला नाही, तर खुशाल भांडा!