सही कुणाची, आकडा कुणाचा?

घरात कुणाचं चालतं, हे बँकेच्या काउंटरमागून छान दिसतं. नवी सून पैसे काढायला आली, की आकडा नवरा सांगतो. चाळिशीत बाई आकडा सांगते, नवरा मुकाट्यानं स्लिप भरतो. सत्तरीत सही तिची, आकडा मुलाचा!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) विवाहित बायकांना विचारलं होतं : तुमचं औषधपाणी, मोठी खरेदी, नातलगांकडे जाणं कोण ठरवतं? वयाची अट १५ ते ४९. पन्नाशीनंतर या सर्वेक्षणानंच विचारलं नाही, तिथं मुलगा काय विचारणार?

परवा मुलगा बाहेर स्कूटर लावत होता, तेवढ्यात एक आजी पुटपुटल्या, "साहेब, नवी स्लिप द्या. शंभर वाढवायचेत. ते माझे."