तीस वर्षांची खुर्ची आणि तेरा महिन्यांची खासदारकी

अमरावतीच्या इर्विन चौकात, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ, एका संध्याकाळी आमची पोरं बसली होती. बोलता बोलता रा. सू. गवईंचं नाव निघालं. एक पोरगा पटकन म्हणाला, "ते सरन्यायाधीश झालेल्या भूषण गवईंचे वडील ना?" दुसरा म्हणाला, "सोडा हो, काँग्रेसचे माणूस होते ते." झालं. तीस वर्षं विधान परिषदेत बसलेल्या माणसाचा हिशेब आम्ही दोन वाक्यांत संपवला.

शेजारी एक म्हातारे कार्यकर्ते होते. ते म्हणाले, "पोट्टेहो, तुमाले शिव्या देता येतात. मतं गोया करता येतात का?"

ते वाक्य आम्हाला लागलं, म्हणून हा लेख.

रामकृष्ण सूर्यभान गवई, ज्यांना सारा वऱ्हाड दादासाहेब म्हणायचा, त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९२९ चा, दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचा. १९६४ साली ते विधान परिषदेत गेले आणि १९९४ पर्यंत तिथेच होते. १९६८ ते १९७८ उपसभापती, १९७८ ते १९८२ सभापती, पुढे विरोधी पक्षनेते. मग १९९८ ला लोकसभा, २००० ते २००६ राज्यसभा, त्यानंतर बिहार आणि केरळचे राज्यपाल. २५ जुलै २०१५ ला नागपुरात निधन. वऱ्हाडातल्या एका खेड्यातून निघालेल्या आमच्या माणसाने एवढं अंतर कापलं, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण अभिमान वाटला म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, हे आम्हाला मान्य नाही.

पहिला प्रश्न १९६४ चाच. ज्या वर्षी गवई परिषदेत गेले, त्याच वर्षी ६ डिसेंबरला भाऊराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. आमचे आजोबा त्यात तुरुंगात गेले होते. जमीन त्यांना कधी मिळाली नाही, पण तुरुंगाची गोष्ट ते मरेपर्यंत सांगायचे. म्हणजे एकाच वर्षी चळवळीचा एक पाय तुरुंगात होता आणि दुसरा सभागृहात. दोन्ही पाय बरोबर चालले असते तर आज चित्र वेगळं असतं. तसं झालं नाही. १९६७ ला गायकवाड गटाने काँग्रेसशी समझोता केला. १९७० च्या सुमारास गवई आणि खोब्रागडे असे दोन गट पडले. १९७२ ला दलित पँथर उभी राहिली ती या गटबाजीवर चिडूनच.

आता खुर्चीबद्दल. विधान परिषद हे सभागृह कसं भरतं ते आधी समजून घ्या. एकूण ७८ जागा. ३० आमदारांच्या मतांनी, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या आणि १२ राज्यपालनियुक्त. आमच्या वस्तीतल्या मजूर बाईचं मत यातल्या एकाही जागेला थेट पोहोचत नाही. ज्याच्या पाठीशी आमदारांचं संख्याबळ नाही, त्याला दुसऱ्याच्या संख्याबळावरच तिथे टिकावं लागतं. "काँग्रेसचे माणूस" हा टोमणा इथून येतो.

पण टोमणा मारण्याआधी आणखी एक गोष्ट आठवा. खुद्द बाबासाहेब १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात लोकसभेची निवडणूक हरले. ते संसदेत राहिले ते राज्यसभेमुळे. त्याआधी १९२७ पासून मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते होते ते नियुक्त सदस्य म्हणून, आणि तिथूनच त्यांनी महार वतनाचं बिल मांडलं. तेव्हा मागच्या दाराने गेला म्हणून कोणी लहान होत नाही. आत जाऊन काय केलं, हा खरा प्रश्न.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. त्या वेळी परिषदेच्या सभापतिपदी गवई होते. आमचा माणूस सर्वांत उंच खुर्चीवर आणि समोर आमच्या बापाच्या नावाचा ठराव. यापेक्षा मोठा दिवस कोणता? पण ठराव मंजूर झाला आणि मराठवाड्यात आमची घरं पेटली. पोचिराम कांबळेंना मारलं. ठरावाची अंमलबजावणी व्हायला, तीही नामविस्तार म्हणून, १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

सभापती काय करू शकत होते? राज्यघटनेच्या १८९ व्या कलमानुसार सभापतीला एरवी मत नसतं. दोन्ही बाजूंची मतं समसमान पडली तरच त्याचं निर्णायक मत. चर्चेत तो बाजू घेऊन बोलत नाही. म्हणजे ज्या खुर्चीपुढे सगळं सभागृह उठून उभं राहतं, तिथे बसलेल्याला आपल्याच माणसांसाठी भांडता येत नाही. प्रस्थापितांनी आम्हाला मानाची पदं दिली ती अशी. गवईंनी ती शोभेने सांभाळली, हे त्यांचे विरोधकही मान्य करतील. पण मान आणि सत्ता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे १९७८ ने आम्हाला रक्त सांडून शिकवलं.

सत्तेची खरी चव आम्ही एकदाच घेतली, १९९८ ला. गट एकत्र आले, काँग्रेसशी युती झाली आणि महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन खासदार लोकसभेत गेले. अमरावतीतून गवई, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही मतदारसंघ खुले! वऱ्हाडातल्या लगतच्या दोन जिल्ह्यांनी खुल्या जागेवर निळा झेंडा लावला. आयुष्यभर परिषदेत बसलेले गवई सत्तरीच्या उंबरठ्यावर लोकांच्या मतांवर निवडून आले. तेरा महिन्यांत लोकसभा बरखास्त झाली, आमचं ऐक्यही टिकलं नाही आणि १९९९ ला गवई हरले.

पुढचं ऐका. २००९ पासून अमरावती लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. आमच्या लोकांनी पेढे वाटले, त्यात आम्हीही होतो. तेव्हापासून चार निवडणुका झाल्या. एकदाही रिपब्लिकन पक्षाच्या चिन्हावर कोणी निवडून आलं नाही. जागा खुली होती तेव्हा आमचा माणूस निवडून आला, राखीव झाली तेव्हा नाही! पुणे करार १९३२ चा आहे असं शाळेत शिकवतात. अमरावतीत तो दर पाच वर्षांनी नव्याने होतो. उमेदवाराची जात आमची, पक्ष, पैसा आणि आदेश दुसऱ्यांचा.

मग मतं गोळा होतात कशी? त्याचं उत्तर शेजारी अकोल्यात थोडंफार सापडतं. तिथे भारिप बहुजन महासंघाने बौद्धांच्या मतांना माळी, धनगर, बंजारा अशा समाजांची जोड दिली. बाळापूरमधून बळीराम सिरस्कार २००९ आणि २०१४ ला आमदार झाले, २००९ ला अकोला पूर्वमधून हरिदास भदे झाले. हा 'अकोला पॅटर्न'. त्यालाही मर्यादा आहेत. लोकसभेची अकोल्याची जागा २००४ पासून भाजपकडेच आहे. पण तिथल्या कार्यकर्त्याने निदान मतदारयादी हातात घेऊन दुसऱ्या समाजाच्या मोहल्ल्यात जायची सवय लावून घेतली. अमरावतीत आम्ही अर्धी हयात 'खरा रिपब्लिकन कोण' या वादात घालवली.

गवईंची कारकीर्द आम्हाला हेच सांगते. एकट्या माणसाची हुशारी त्याला सभापतिपदापर्यंत नेऊ शकते, राजभवनापर्यंतही नेऊ शकते. समाजाला सत्तेपर्यंत न्यायला बांधलेला मतदारसंघ लागतो. तो त्यांनी बांधला नाही, हा त्यांचा दोष. तो आम्हीही बांधला नाही, आणि आम्हाला तर विधान परिषदेत जायची घाईही नव्हती. मग आमचा दोष त्यांच्यापेक्षा कमी कसा?

एक कबुली देतो. विरोधी पक्षनेते असताना गवई सभागृहात काय बोलले, त्यातलं एकही भाषण आम्ही तोवर वाचलेलं नव्हतं. विधिमंडळाची कार्यवृत्तं छापली जातात, ग्रंथालयात असतात. न वाचताच आम्ही त्यांना कधी 'दलाल' म्हणालो, कधी 'महामानवाचे सच्चे शिष्य'. दोन्ही वेळा आळशी होतो.

तेव्हा दोस्तहो, काम सोपं आहे आणि कंटाळवाणं आहे. आपल्या भागातल्या आमदाराने गेल्या अधिवेशनात किती प्रश्न विचारले ते काढा. शिष्यवृत्तीवर, गायरानावर, वसतिगृहावर तो काय बोलला ते वाचा आणि वस्तीत वाचून दाखवा. आणि पुढची निवडणूक लागण्याआधी, आपली नसलेली निदान दहा घरं आपलीशी करा. त्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याशिवाय देता येणार नाही.

जय भीम!