रापलेले ऊन

लोह्यात एप्रिल लागला की पारा ४० अंशांपुढे जातो आणि वर्गातल्या मुली स्कार्फने चेहरे गुंडाळून येऊ लागतात. हजेरी घेताना फक्त डोळे दिसतात. सहकारी याला फॅशन म्हणतात. मला तसे म्हणवत नाही.

आमच्या घरी मी गोरी, थोरली अक्का सावळी. मे महिन्यात धसकटे वेचायला अक्का जायची, मी माजघरात. “तिला ऊन काय करणार?” आई सहज म्हणे. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन अतिनील किरणांना बरेचसे अडवते, हे खरे. उष्माघाताला मात्र रंग कळत नाही. एकदा अक्का बांधावरच कोसळली. तिच्या तळपायांना कांद्याचा रस चोळताना आईचे हात थरथरत होते. तरी पुढच्या उन्हाळ्यात शेतात अक्काच गेली, आणि मीही काही बोलले नाही.

२०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ गेले. स्थळांच्या जाहिरातींतली ‘गोरी’ अजून आहे.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी अक्काच्या गावी उतरले. ती अनवाणीच अंगणात धावत आली, आपला पदर माझ्या डोक्यावर धरला आणि म्हणाली, “चल आत, काळी पडशील.”