वारा प्यायलेले यंत्र

संतसाहित्य शिकवताना आम्ही एक विधान वर्षानुवर्षे करीत आलो आहोत: मराठी कवितेच्या पायात कारागिरांचे हात आहेत. सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार; आणि आमच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते ते नामदेव शिंपी. या मंडळींनी आपापल्या धंद्यातली हत्यारे परमार्थाच्या भाषेत आणली. विधान खरे आहे. पण ते करून वर्गाबाहेर पडलो की एक प्रश्न पाठ सोडत नाही. आज तालुक्याच्या गावी पावलोपावली भेटणारा कारागीर म्हणजे मिस्त्री. त्याची हत्यारे आपल्या साहित्यात कितीशी उतरली? नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने १९६६ साली कामगाराला कवितेत हक्काची जागा दिली, पण तो कामगार मुंबईचा. रस्त्याकडेच्या टपरीत तेलकट चिंधीवर सुटे भाग मांडून बसलेला मिस्त्री अद्याप बाहेरच उभा आहे.

वसमतकडच्या अशाच एका टपरीत आमचे बसणे-उठणे असते. पावसाळ्यात तिथे येणारे गिऱ्हाईक बहुधा एकच यंत्र घेऊन येते: बांधावरचे गवत कापण्याचे, पेट्रोलवर चालणारे. विकणारे त्याला ‘ब्रश कटर’ म्हणतात, शेतकरी ‘ग्रास कटर’. नायलॉनच्या फिरत्या दोरीने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली सुचली, ती गाड्या धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून. त्यांनी एका रिकाम्या डब्याला मासेमारीची दोरी ओवून पहिला प्रयोग केला. तिकडे अंगणाची हिरवळ नेटकी राखण्यासाठी जन्मलेले हे यंत्र इकडे हळदीच्या आणि उसाच्या बांधावर आले, आणि ज्या कामाला आपण निंदणी-खुरपणी म्हणतो त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. ते काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे.

गेल्या श्रावणात अशाच एक बाई यंत्र घेऊन आल्या. उमेदीची वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या शेतात खुरपण्यात घालवली होती. बचत गटाचे कर्ज काढून त्यांनी हे यंत्र घेतले होते आणि मुलगा ते रोजाने चालवीत होता. यंत्र आठवडाभर बंद पडले तर गवत थांबत नाही आणि कर्जाचा हप्ताही थांबत नाही. “दोरी ओढली की चालू होतंय, एकदम लई पळतंय, अन् मरतंय,” त्या म्हणाल्या. मिस्त्रीने टाकीचे झाकण काढून आतली नळी तारेच्या आकड्याने बाहेर ओढली. ती पिवळी, कडक झाली होती. नख लावताच तुकडा पडला. “मावशी, मशीन मेलं नाही. ते पेट्रोलच्या जागी वारं पिऊ लागलंय.”

आम्ही या वाक्यापाशी थबकलो. ‘वारा प्यायलेले वासरू’ हा वाक्प्रचार आपण उधळलेल्या पोरासाठी वापरतो. येथे तो शब्दशः खरा होता. नळीला चीर गेली की पेट्रोलबरोबर हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होते, इंजिन क्षणभर उधळते आणि बंद पडते. धोका एवढ्यावर थांबत नाही. या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि मग पिस्टन धरतो. मिस्त्रीचे वाक्य अलंकार नव्हते, निदान होते. बाईंना ते एका दमात कळले, कारण वासरू दोघांच्याही ओळखीचे.

पुढचे काम कार्बोरेटरचे. मोटारसायकलच्या कार्बोरेटरात पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट असतो. पण हे यंत्र हातात वाकडेतिकडे फिरते, तिथे फ्लोट निरुपयोगी. त्याऐवजी पातळ पडदे असतात. पिस्टनच्या वरखाली होण्याने निर्माण होणाऱ्या दाबावर त्यातला एक पडदा धडधडतो आणि पेट्रोल ओढतो. दुसरा ते मोजून आत सोडतो. या यंत्रातले पडदे पापडासारखे ताठ झाले होते. मिस्त्रीने ते बदलले, जाळी धुतली, बारीक छिद्रे फवाऱ्याने मोकळी केली. त्यांत तार मात्र घालू दिली नाही, कारण छिद्र केसभर मोठे झाले तरी मिश्रणाचे माप बिघडते. शेवटी नवी नळी एका टोकाला दाबून, पाण्यात बुडवून तिच्यात फुंकर घातली. बुडबुडा आला नाही. पंक्चर काढण्याची ही जुनी रीत त्याच्या वडिलांच्या सायकलच्या दुकानातून आलेली.

नळ्या लवकर का जातात, यावर त्याचे उत्तर पेट्रोलपंपाकडे बोट दाखवते. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले आणि पुढील दोन वर्षांत ते सर्वत्र पोहोचले. इथेनॉल हवेतला ओलावा धरते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. यंत्र टाकीतल्या पेट्रोलसकट महिनोन्‌महिने कोपऱ्यात उभे राहिले तर अधिकच. हे इथेनॉल मका-तांदळापासून होते तसे उसापासूनही. ज्या उसाचा बांध हे यंत्र साफ करते, त्याच पिकाचा अर्क त्याची नळी खातो. एखाद्या कादंबरीकाराला अशी गाठ रचून सापडली नसती.

‘मिस्त्री’ पोर्तुगीजांकडून आला, ‘दुरुस्ती’ फारसीतून, ‘चोक’ आणि ‘जेट’ इंग्रजीतून. पोरगा मालकाला ‘उस्ताद’ म्हणतो, हा निजामी मुलखाचा वारसा. आपल्या राज्याने १९६० साली भाषा संचालनालय स्थापून परिभाषा घडवायला घेतली, त्या कामाचे मोल आम्ही जाणतो. पण परिभाषा टपरीतही घडत होती, आणि तिला टाचण करणारा कोणी नव्हता.

आता वेळ थोडा आहे. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ मानके आली आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. गवत कापणारी यंत्रेही बॅटरीवर येऊ लागली आहेत. त्यांना नळी नाही, पडदा नाही, वारा पिण्याची सोय नाही. जात्याच्या ओव्या लाखाच्या वर आज वाचायला मिळतात, कारण जाती थंडावत असताना हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून त्या टिपल्या. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी प्रबंधाचा विषय शोधत असेल, तर त्याने वही घेऊन एक पावसाळा टपरीत बसावे.