अर्धवट ऐकलेला आल्बम

वसतिगृहातले मित्र मला 'रडक्या गाण्यांचा ठेकेदार' म्हणतात. म्हणोत बापडे! मोठ्या कंपन्यांच्या वळचणीला न जाता स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणारी ही 'इंडी' मंडळी मला आवडतात. पण म्हणून त्यांचं सगळंच गोड मानावं, इतका काही मी भाबडा नाही.

आता हेच पाहा ना. दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'च्या २०१९ मधल्या 'बिस्मिल्लाह'ची मी अक्षरशः पारायणं केली. त्यातलं ट्रम्पेट ऐकलं की मला आमच्या गावच्या वरातीचा बँड आठवतो. त्यांचा २०२४ चा 'बीटा' मात्र चौथ्या खेपेला कुठे रुचला; तोही अर्धाच.

त्याच वर्षी 'सिंडी ली' या नावानं गाणाऱ्या कॅनडाच्या पॅट्रिक फ्लेगलचा 'डायमंड ज्युबिली' आला. बत्तीस गाणी, दोन तास! सुरुवातीला तो यूट्यूबवर सलग एकाच तुकड्यात ऐकायला मिळे. हा काय अट्टाहास, असं मी चारचौघांत बोलूनही बसलो होतो.

मग बाबांना दवाखान्यात ठेवलं. रात्री झोप येईना, तेव्हा इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात घातलं, दुसरं माझ्या. बाबा नाट्यसंगीतावर वाढलेले. बराच वेळ ऐकून म्हणाले, "लांबच्या खोलीत कुणी रेडिओ लावून विसरलंय बघ रे."

इतकं नेमकं मला लिहिता आलं नसतं. सव्वा तासावर त्यांचा डोळा लागला, म्हणून मी गाणं थांबवलं. सकाळी ते उठले नाहीत.

पुढची पाऊण तासाची गाणी मी अजून ऐकलेली नाहीत.