नाकासकट चष्मा

पोहण्याच्या चष्म्यात फक्त डोळे झाकतात, डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाकही आत असतं. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि मास्क चेहऱ्यावर आवळू लागतो. तेव्हा नाकातून थोडी हवा आत सोडावी लागते. हे मला मुंबईतल्या डायव्हिंगच्या एका दुकानात कळलं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. माहेर समुद्राकाठचं, अब्बा आणि दोन्ही चाचा जहाजावर, पण माझ्या घोट्याच्या वर खारं पाणी कधी लागलं नाही. वर्गात मात्र 'गोताखोर' शब्द इतकी वर्षं शिकवते. मराठीत आपण बुडी मारतो, उर्दूत खातो.

लेक सतरा वर्षांची. तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा शिकायचं, हा तिचा हट्ट. तिच्या अब्बूंनी एवढंच विचारलं, "कपडे काय घालणार?" दोन वर्षांपूर्वी एका तरणतलावावरून तिला परत पाठवलं होतं. पूर्ण बाह्यांचा पोशाख चालणार नाही म्हणे. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर पोहणं सुटलं ते सुटलंच.

दुकानाच्या भिंतीवर वेटसूट टांगलेले होते, गळ्यापासून घोट्यापर्यंत. विक्रेता तरुण मुलगा, पण समजावण्याची हातोटी चांगली (बीएड न करता!). निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात, आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने कोमट होतो. आपल्याकडच्या पाण्याला तीन मिलिमीटर जाडी पुरते. डोक्याला हूडही मिळतो. मी त्या हूडकडे बघतच राहिले. सिडनीत अहेदा झनेट्टी यांनी २००४ मध्ये बुर्किनी शिवली, २०१६ मध्ये फ्रान्समधल्या किनाऱ्यावरच्या काही गावांनी तिच्यावर बंदी घातली. त्यातली एक बंदी तिथल्या न्यायालयाने लगेच स्थगित केली, ही गोष्ट वेगळी. अंग तेवढंच झाकणाऱ्या या काळ्या सूटबद्दल मात्र कुणाची तक्रार कानावर नाही.

सिलिंडर, रेग्युलेटर केंद्रच देतं, त्यामुळे ते बघितलंही नाही. स्वतःचा असावा तो मास्क. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. लेकीला तिसरा बसला. मग तिचे अब्बू हळूच पुढे झाले.

"माझी दाढी आहे, चालेल?"

"दाढीचं काही नाही सर, अडचण मिशीची. तिथूनच पाणी शिरतं."

मिशी ते सफाचट ठेवतात. मास्क असा चिकटला की मुलगाही चकित झाला. लेक हसली, तिला बघून हेही हसले, तेव्हा कुठे तो सुटला. कपड्यांचा प्रश्न पुन्हा निघाला नाही. लेकीला पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड त्यांनीच निवडला.

पैसे देताना मी विचारलं, "चष्म्याच्या नंबरची काच बसते का यात? उणे साडेतीन."

"बसते मॅडम. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळीही."

घेतली नाही. नंबर तेवढा त्याने लिहून ठेवला.