तहानेने राखलेले रान

मुंबईच्या उपनगरांत शरद ऋतूची चाहूल पानगळीपेक्षा पाण्यावरून लागते. आश्विनात पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचे ऊन चटके देऊ लागते आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दहिसर नदीचे गढूळ पाणी निवळून तळातले काळे खडक दिसू लागतात. बोरिवलीकर माणूस या नदीला आयुष्यभर भेटत असतो: लहानपणी ‘वनराणी’ या छोट्या गाडीतून, तरुणपणी कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर आणि निवृत्तीनंतर सकाळच्या फेरीत. मात्र ज्याला तो निखळ निसर्ग समजत आलेला असतो, त्यामागे औद्योगिक मुंबईचा हात आहे, हे बहुधा उतारवयातच त्याच्या ध्यानी येते.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली, त्या सुमारास वाढत्या शहराला विहिरी आणि तळी अपुरी पडू लागली होती. म्हणून याच डोंगरात बांध घालून १८६० मध्ये विहार तलाव आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा करण्यात आला. तलाव टिकवायचा तर त्याचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या उतारांवरचे पाणी वाहत येऊन त्यात साचते तो प्रदेश, वस्तीपासून मोकळा ठेवावा लागतो, आणि या गरजेपोटी येथील जंगलाचा गाभा वाचला. पाणी अडवण्याची विद्या या डोंगराला नवी नव्हती. कान्हेरीच्या भिक्षूंनी लेण्यांच्या दारातच खडकात पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, कोरून पावसाचे पाणी त्यांत वळवले होते, आणि त्यांतल्या काहींत पावसाळ्यानंतरही पाणी टिकून असते.

आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठवण क्षमतेत विहार आणि तुळशी यांचा वाटा तीन टक्क्यांच्याही आत आहे. तहानेसाठी राखलेले रान मात्र तहान दुसरीकडे भागू लागल्यावरही उभे आहे.

या राखलेल्या रानात निवळ वाहणारी हीच दहिसर नदी उद्यानाबाहेर पडून श्रीकृष्णनगर, दौलतनगर करत मनोरीच्या खाडीकडे निघते, तेव्हा काँक्रीटच्या भिंतींमध्ये कोंडली जाते आणि सांडपाण्याने व तबेल्यांतल्या शेणाने काळवंडते, कारण तेथे शहराला तिच्या पाण्याची गरज कधी भासली नाही. गरजेपुरती जपलेली नदी अर्धीच जपली जाते. उद्यानात फिरायला येणाऱ्यांनी म्हणूनच एखाद्या सकाळी फाटकाबाहेरच्या पुलावरही थांबावे, आणि खालून वाहणाऱ्या त्या पाण्याला नाला न म्हणता दहिसर नदी म्हणावे व तिच्या स्वच्छतेचा आग्रह धरावा.